‘बब’ म्हणा

कागदोपत्री माझी नोकरी परिचारिकेची. प्रत्यक्षात सव्वीस वर्षं मी डोकी धरली.

ही थट्टा नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्या काळी नाकाचं ऑपरेशन बहुतेक वेळा खुर्चीतच व्हायचं. पेशंटला ताठ बसवायचं, बधिर करणाऱ्या औषधात भिजवलेली गॉझची लांब पट्टी नाकात भरायची, अर्धा तास थांबायचं आणि मग जाग्या माणसाच्या नाकात हत्यार घालायचं. आता जागा माणूस म्हटल्यावर तो मान मागे घेणारच. म्हणून त्याच्या मागे एक भिंत लागते. ती भिंत म्हणजे मी. कपाळावर दोन्ही हात, डोकं माझ्या पोटाशी घट्ट आवळलेलं, आणि तोंडाने “झालंच हं, झालंच” ही टकळी. अजूनही रस्त्यात एखादा समोरून आला तर मला नाव आठवत नाही. तोच पाठमोरा गेला की लगेच ओळखते.

आमचा दवाखाना शाहूपुरीत, पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर. खालून दिवसभर ठोकाठोक, वर दिवसभर शिंका. डॉक्टर अबोल. कपाळावर गोल आरसा, समोर दिव्याचा झोत, आणि दर दहा मिनिटांनी एक “हं”. बोलायचं काम माझ्याकडे.

नाकात मांस वाढलं, असं आपले लोक म्हणतात त्याला डॉक्टरी भाषेत पॉलिप म्हणायचं. दिसायला सोललेल्या द्राक्षासारखे, पांढुरके, लिबलिबीत. दुखत नाहीत, त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं ‘जुनी सर्दी’ म्हणून अंगावर काढतो. वास जातो, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घोरणं गल्लीत ऐकू जातं. आणि हळूहळू बोलणं बदलतं.

इथे लोकांचा एक गैरसमज आहे, तो मी आयुष्यभर खोडत आले. असा माणूस नाकात बोलतो, असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे तो नाकात बोलूच शकत नाही, हीच त्याची तक्रार असते. म, न, ण ही अक्षरं नाकातून हवा गेल्याशिवाय होत नाहीत. वाट बंद झाली की म चा ब होतो, न चा द होतो, ण चा ड. पटत नसेल तर वाचणं थांबवा, नाक चिमटीत धरा आणि ‘मामा’ म्हणा. कोण आलं? बाबा. ‘नाना’ म्हणा. दादा आले. अख्खं नातंगोतं बदलतं.

त्यातून काय काय व्हायचं! एक मुलगी यायची, मीना. दाखवायच्या कार्यक्रमात तिने स्वतःचं नाव सांगितलं, तर मुलाकडच्यांनी ‘बीदा’ असं वहीत उतरवून घेतलं आणि हे नाव कुठल्या देवीचं, यावर अर्धा तास चर्चा केली. एक मुकादम ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी तक्रार घेऊन आला. “डाक्टर, आवाज लई मऊ केलासा. गडी ऐकंनात की. वाईच परत बसवा.” डॉक्टर म्हणाले, “हं.” मी त्याला समजावून सांगितलं की काढलेलं बसवता येत नाही. तो शेवटपर्यंत माझ्यावर नाराज राहिला.

पण मला सांगायचंय ते श्रीपाद गुरुजींबद्दल, आणि त्यांच्याही गुरुजींबद्दल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका सकाळी पंचविशीचा एक तरुण भटजी आणि त्याची बायको सुमती असे दोघे जिना चढून आले. तो मान खाली घालून, ती पुढे.

“नाव?” मी केसपेपर काढला.

“श्रीपाद नारायण मणेरीकर,” तो म्हणाला. स्वच्छ. म, न, ण तिन्ही जागच्या जागी.

“तक्रार काय?”

“नाक बंद आहे यांचं,” सुमती म्हणाली.

“कधीपासून?”

“पूजेला बसले की.”

मी लेखणी खाली ठेवली. डॉक्टरांनी आरसा वर केला.

“अहो, संकल्प सांगून दाखवा ना जरा,” ती नवऱ्याला म्हणाली.

श्रीपादने डोळे मिटले, हात जोडले, आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. “बब आत्बदः श्रुतिस्बृतिपुराडोक्त...”

“पुरे,” डॉक्टर म्हणाले. दिवसातला हा त्यांचा पहिला शब्द होता.

सुमतीने सगळं सांगितलं. शाहूपुरीत एका व्यापाऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. श्रीपाद यजमानांना म्हणाला, “बब म्हणा.” यजमान भोळे, ते म्हणाले, “बब.” त्यांची कॉलेजातली लेक पदराआड हसली, मग तिच्या मैत्रिणी, मग सगळा मांडव. पुढच्या पंधरवड्यात दोन पूजा दुसऱ्या भटजींकडे गेल्या. लग्नसराई तोंडावर आलेली. “आता लोक यांना बबभटजी म्हणायला लागलेत,” ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली.

डॉक्टरांनी नाक तपासलं. डावं, उजवं, मागून, पुढून. मी थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरली. श्वासाची वाफ दोन्ही बाजूंना सारखी उमटली. असं सरळ, मोकळं, गुलाबी नाक आमच्याकडे वर्षभरात आलं नव्हतं.

“‘माझा मामा’ म्हणा,” डॉक्टर म्हणाले.

“माझा मामा.”

“आता मंत्रातला ‘मम’.”

“बब.”

डॉक्टरांनी आरसा काढून टेबलावर ठेवला. त्यांची विद्या तिथे संपली होती. मला मात्र एक शंका आली. विचारलं, “गुरुजी, तुम्हाला हे शिकवलं कुणी?”

“आमच्या गुरुजींनी. कुरुंदवाडला, त्यांच्या घरी सात वर्षं राहिलोय.”

“ते कसं म्हणतात?”

“हे असंच.”

“आणि साधं बोलतात कसं?”

तो घुटमळला. गुरूची नक्कल करायची म्हणजे पाप. मग खालच्या आवाजात म्हणाला, “‘श्रीपादा, दीट बस. बाद खाली घालू दकोस.’”

डॉक्टर हसले. मी त्यांना इतकं हसताना नंतर फक्त एकदा पाहिलं, त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात माझं भाषण चालू असताना.

“अहो, पण पोथीत ‘मम’ छापलेलं असेल ना?” मी विचारलं.

“असतं की. पण मंत्र गुरुमुखातून घ्यायचा. गुरुजी सांगायचे, छापखान्यात चुका फार होतात.”

म्हणजे झालं होतं ते असं. गुरुजींच्या नाकात मांस वाढलेलं, आणि ते विद्या देत होते कानामार्फत. सात वर्षं मोकळ्या नाकाच्या मुलाने गुरुजींचं बंद नाक पाठ केलं होतं. इतकं चोख, की आता त्याला उघडंच करता येईना.

“उद्यापासून ‘मम’ म्हणा. संपलं,” मी म्हणाले.

“नाही,” श्रीपाद म्हणाला. मान खालीच होती, पण आवाज ठाम होता. “गुरुजी हयात आहेत. ते ‘बब’ म्हणत असताना मी ‘मम’ म्हणायचं, म्हणजे त्यांना चूक ठरवायचं. मी उपाशी राहीन.”

“मी पण का?” सुमतीने विचारलं.

डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मग गुरुजींचंच नाक उघडायला हवं.”

श्रीपादने एकच अट घातली. त्याचं नाव निघता कामा नये.

दर गुरुवारी डॉक्टर जयसिंगपूरला पेशंट तपासायला जात, मीही बरोबर असे. पुढच्या गुरुवारी काम आटोपल्यावर गाडी कुरुंदवाडकडे वळली. गुरुजींचं घर शोधावं लागलं नाही. बोळाच्या तोंडाशीच पाच-सहा कोवळे आवाज ऐकू आले, एका सुरात, एका लयीत, आणि एकही म नाही. डॉक्टर फाटकातच थांबले. कान देऊन ऐकत राहिले. “अख्खी पाठशाळा,” ते पुटपुटले.

गुरुजी ओसरीवर बसले होते. त्यांना सगळे नानाशास्त्री म्हणत, आणि ते स्वतःला दादाशास्त्री म्हणत. भव्य माणूस. रुंद कपाळ, भुवया झुबकेदार, आणि तोंड जरा उघडं, जसं काही आत्ता काहीतरी महत्त्वाचं सांगणार आहेत. ते श्वासासाठी उघडं होतं.

“या. कोड आपड?”

डॉक्टरांनी ओळख सांगितली. जयसिंगपूरला येतो, आपली कीर्ती ऐकून आलो, वगैरे. गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, कॉफी आणली. कॉफीत जायफळ इतकं होतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींनी घोट घेतला आणि आतल्या दिशेने म्हणाले, “जायफळ घातलं दाहीस का ग?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून बॅटरी काढून म्हणाले, “नाकं बघायची वाईट सवय आहे मला. आपलं पाहू का?”

“पाहा की. सर्दी आहे जुदी.”

“किती जुनी?”

“बारा वर्षं.”

बारा वर्षांची सर्दी! बॅटरीच्या उजेडात मलासुद्धा दिसलं. दोन्ही नाकपुड्यांच्या तोंडाशी द्राक्षं येऊन बसलेली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, पॉलिप आहेत, काढावे लागतील, कोल्हापूरला या.

गुरुजी ताठ झाले. “बला काही झालेलं दाही. बाझं दाक चोख आहे.”

“बोलण्यावर परिणाम झालाय,” डॉक्टर म्हणाले.

“कोडाच्या?”

यापुढे डॉक्टर बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. आणि माझी जीभ त्या वयात फार सुटी होती. मी म्हणाले, “गुरुजी, नाक चिमटीत धरा आणि ‘मम’ म्हणा बघू.”

त्यांनी धरलं. “बब.”

“आता सोडा आणि म्हणा.”

“बब.”

“काही फरक पडला?”

“काही दाही.”

“म्हणजे तुमचं नाक बारा वर्षं चिमटीतच आहे.”

मग ओळीत बसलेल्या पोरांपैकी एक फिसकन हसलं. गुरुजींचा चेहरा लाल झाला. ते उठले, उपरणं सावरलं आणि आत गेले.

माझी चूक मला त्या क्षणी कळली. जे सांगायचं होतं ते खरं होतं, पण ते आत माजघरात, एकट्याला सांगायचं असतं. शिष्यांसमोर गुरूचं नाक धरायला लावायचं नसतं. पुढे कित्येक पेशंटांना मी वाईट बातम्या सांगितल्या. दर वेळी आधी दार लोटून घेतलं. ते त्या ओसरीवर शिकले.

आम्ही गाडीत बसत होतो तेवढ्यात काकू फाटकापर्यंत आल्या. “तुम्ही जा,” म्हणाल्या. “मी आणते त्यांना.”

आठव्या दिवशी खरोखरच आल्या, पुढे काकू आणि मागे गुरुजी. कसं जमवलं, ते काकूंनी मला औषधांच्या खोलीत सांगितलं. त्यांनी गुरुजींना डोळे मिटायला लावले आणि एकामागून एक वस्तू नाकाखाली धरल्या. कापूर, मग शेजारून मागून आणलेला चिरलेला कांदा, मग शेणी, शेवटी पायपुसणं. गुरुजींनी चारही वेळा अत्यंत आत्मविश्वासाने सांगितलं, “उदबत्ती.” मग काकूंनी डोळे उघडायला लावले. तेव्हा त्यांच्या हातात पायपुसणं होतं.

“त्यानंतर दोन दिवस बोलले नाहीत,” काकू म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी म्हणाले, पिशवी भर.”

खुर्चीत बसल्यावर गुरुजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओसरीवरची मी त्यांना आठवत होते. “आपड कोड?” त्यांनी विचारलं. प्रश्न नावाचा नव्हता, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

“मी डोकं धरणारी,” मी म्हणाले.

त्यांनी क्षणभर विचार केला. मग डोकं मागे टेकलं. त्यांची शेंडी माझ्या ॲप्रनच्या गुंड्यांत अडकत होती, ती मी हळूच बाजूला केली.

ऑपरेशनचं हत्यार म्हणजे बारीक तारेचा फास. तो पॉलिपच्या देठाशी न्यायचा, आवळायचा आणि ओढून घ्यायचा. दुखत नाही म्हणतात, पण आतून काहीतरी ओढलं जाताना माणसाला आपला मेंदूच निघाला असं वाटतं. गुरुजींनी स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, “मनात.” एक निघाला, दुसरा निघाला, ट्रे भरत चालला. गुरुजी एका डोळ्याने मोजत होते. कपाळ घामाने चिंब झालं होतं, पण डोकं तसूभर हललं नाही. सव्वीस वर्षांत मी धरलेल्या डोक्यांत ते सर्वांत स्थिर डोकं. मी उगाच धरलं होतं म्हणा ना.

शेवटचा निघाल्यावर डॉक्टरांनी नाकात गॉझ ठासून भरली. काकूंना ट्रे बघायचाच होता. बघून म्हणाल्या, “हे एवढं होतं? मग घोरत कमीच होते म्हणायचे.”

दोन दिवस गॉझ नाकात. गुरुजींनी मौन धरलं. तिसऱ्या सकाळी डॉक्टरांनी पट्टी ओढून काढली, वीतभर, हातभर, संपेचना. ती संपली आणि गुरुजींनी नाकाने श्वास घेतला. पहिला. त्यांचे डोळे विस्फारले. मग त्यांनी अगदी हळू म्हटलं, “मम.”

आणि मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, दुसरं कुणीतरी बोललं.

अर्थात एवढ्यावर भागत नाही. आतली सूज असते, खपल्या धरतात, आवाज आठ-दहा दिवस कधी उघडा, कधी बंद. शिवाय नाक आणि कान आतून जोडलेले. नाक तुंबलं की कानही बसतात. गुरुजींचे कान बारा वर्षांनी मोकळे झाले. आले की दर वेळी ते खालच्या दुकानातली ठोकाठोक ऐकून विचारत, “हे दुकान नवीन निघालं का?”

कुरुंदवाडहून जाणं-येणं नको म्हणून ते कोल्हापुरातच एका नातलगाकडे राहिले आणि एक दिवसाआड तपासायला येत. याच काळात बातमी फुटली. कशी, ते कळलं नाही. पण ओसरीवर सहा पोरं होती आणि सहांनाही आया होत्या. नानाशास्त्र्यांच्या नाकात मांस होतं आणि बारा वर्षं मंत्र चुकत होते, ही गोष्ट शिरोळ तालुकाभर झाली.

दहाव्या दिवशी गुरुजी आत डॉक्टरांसमोर बसले होते. बाहेर बाकावर दहा-बारा पेशंट. जिन्यावर भांडण ऐकू आलं आणि एक जोडपं वर आलं. नवरा फेटा बांधलेला, शेतकरी, नाव बाळू. बायको हिरव्या लुगड्यात, गंगू, हातात कापडी पिशवी.

“शिस्टर, त्ये भटजीबुवा हाईत न्हवं आत?” बाळूने विचारलं.

“आहेत. का?”

“आमचं लगीन त्येंनीच लावलतं. सात वर्सं झाली. आता लोक म्हंत्यात मंत्र चुकलंतं. मग लगीन लागलं का न्हाई, एवढंच इचारायला आलोय.”

“खोटं बोलतोय त्यो,” गंगू म्हणाली. “काल भांडनात मला म्हनला, जा, तुजं-माजं लगीनच लागल्यालं न्हाई. मी म्हनलं, व्हय का? चल मग, इचारूनच येऊ. न्हाई म्हनलं भटजी, तर ही पिशवी भरून आनलीया. हितनंच म्हायेरला.”

बाकावरचे पेशंट सरसावून बसले. कानदुखीचा पोरगा रडायचा थांबला. आणि आतला पडदा सरकवून गुरुजी बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कान चांगलेच उघडले होते.

“बाळू,” ते म्हणाले, “त्या दिवशी तू काय म्हणालास?”

“म्या? तुमी म्हनला बब म्हना. म्या बब म्हनलो.”

“आणि तू?” त्यांनी गंगूकडे पाहिलं.

“मला कुनी इचारलंच न्हाई की.”

इतकी वर्षं शेकडो लग्नं लावलेला माणूस, आणि हे उत्तर गुरुजींना नवीन असावं. मग म्हणाले, “मंत्र माझ्या तोंडून अशुद्ध गेले. ती चूक माझी, तुमची नाही. पण शंका राहायला नको. परत लावतो.”

“कवा?” बाळू दचकला.

“आत्ता. पण आधी विचारतो. गंगू, तुला हा नवरा हवा का?”

गंगूने बाळूकडे आपादमस्तक पाहिलं. म्हशीच्या बाजारात बघतात तसं. बाळूचा फेटा घामाने भिजायला लागला.

“भांडनात परत आसं म्हननार न्हाई म्हनत असंल, तर चालंल,” ती म्हणाली.

“न्हाई म्हननार,” बाळू घाईघाईने म्हणाला. “भटजीबुवांच्या नाकाची आन.”

अंतरपाट म्हणून मी तपासणीच्या टेबलावरची पांढरी चादर दिली. एक टोक मी धरलं, दुसरं कानाला पट्टी बांधलेल्या एका मास्तरांनी. अक्षता कुठून आणणार? मी बरणी उघडली आणि प्रत्येकाच्या हातावर कापसाचे बोळे ठेवले. गुरुजींनी घसा साफ केला, आणि त्यांचा आवाज उठला.

तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. तोंडातून निघाला, नाकातून फिरला, कपाळात घुमला. खालच्या दुकानातली ठोकाठोक थांबली. “शुभमंगल सावधान!” त्यातला म असा वाजला की औषधांच्या बाटल्या किणकिणल्या. न तर त्यांनी लांबवतच नेला, सोडायला तयार नव्हते. बोळे उडाले. डॉक्टर कपाळावरचा आरसा घेऊन दारात उभे होते, त्यांच्या आरशातही एक बोळा अडकला.

गंगू रडत होती. पिशवी बाळूच्या हातात गेली होती.

नंतर काकूंनी गुरुजींना बाजूला घेऊन बजावलं, “बारा वर्षांची लग्नं परत लावत फिरणार असाल तर आधी सांगा.” गुरुजींनी त्यावर विचार केला आणि ठरवलं की यापुढे कुणी विचारलं तर सांगायचं, देवाला माझं नाक माहीत होतं. कुणाला पटलं, कुणाला नाही. पण त्यानंतर दवाखान्यात कुणी लग्न लावायला आलं नाही.

कुरुंदवाडला परतण्याआधी गुरुजी श्रीपादच्या घरी गेले; ‘बबभटजी’ हे नाव त्यांच्याही उघड्या कानांवर आलं होतं. हे मला सुमतीने सांगितलं. श्रीपादने पाट मांडला, गुरुजी पाटावर न बसता जमिनीवर त्याच्यासमोर बसले.

“म म्हण,” ते म्हणाले.

“म.”

“मम.”

श्रीपादचं तोंड उघडलं, मिटलं. “ब” आला. पुन्हा “ब.” सात वर्षांची घोकंपट्टी ती. तासभर दोघे समोरासमोर बसून ‘मम मम’ करत होते. शेजारच्या बाईंनी येऊन विचारलं, घरात तान्हं बाळ आलंय का? शेवटी जमलं. तेव्हा गुरुजींनी विचारलं, “तुला बाहेर लोक हसत होते, तरी मला सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार, गुरुजी?”

गुरुजी म्हणाले, “हं. तेच चुकलं माझं.”

पाठशाळेत त्यांनी नवा नियम केला. गुरुजींच्या तोंडून म च्या जागी ब आला, तर ज्याला ऐकू येईल त्याने अध्याय थांबवून उभं राहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही. नुसतं उभं राहायचं. सुरुवातीला कुणाची हिंमत होईना. म्हणून गुरुजी मधूनच मुद्दाम ‘बब’ म्हणायचे आणि जो बसून राहील त्याला ओरडायचे.

पॉलिपची एक खोड आहे. मुळासकट काढलेत असं वाटतं, पण कितीतरी जणांत ते परत येतात. पेशंटला आधी सांगितलेलं असतं. तरी परत आलेला माणूस आमच्यावर चिडलेला असतो. त्यात त्याचं काही चुकत नाही.

चौथ्या वर्षी एका सकाळी गुरुजी एकटेच जिना चढून आले. काकूंनी ओढून आणलेलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. दम लागला होता. बाकावर बसले, उपरण्याने कपाळ पुसलं. मला बघितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. राग नव्हता, लाज नव्हती. उलट एखादी मोठी बातमी द्यायला आल्यासारखे दिसत होते.

“काय झालं, गुरुजी?” मी विचारलं.

“सिस्टर,” ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडचा म पुन्हा निसटायला लागला होता, “आज बी अध्याय सांगत होतो. आणि सगळी पोरं एकदब उभी राहिली.”